ढोल आहे, गोल नाही

आमच्या अकोटातून उत्तरेकडे पाहिलं की सातपुड्याची निळी रेघ दिसते. त्या रेघेपलीकडे कोरकू लोक राहतात, एवढंच लहानपणी ठाऊक होतं. बाजाराच्या दिवशी ते खाली उतरत, डिंक-चारोळी विकत, मीठ-तेल घेत आणि अंधार पडायच्या आत घाट चढून जात. पलीकडे त्यांचं जगणं कसं असेल, हा प्रश्न कपाशीच्या मुलखातल्या आम्हा पोरांना कधी पडलाच नाही.

तो पडला पुष्कळ वर्षांनी, धारणीकडच्या एका खेड्यात. होळीचे दिवस होते. बायकांनी रस्त्यावर आडवा दोर धरून आमची गाडी अडवली आणि हसत हसत फगवा मागितला. पैसे दिले, तरी सोडायला तयार नाहीत. रात्री थांबा म्हणाल्या. थांबलो, आणि गादली-सुसुन पाहिलं.

पाहिलं म्हणणंसुद्धा चूक आहे, कारण तिथे पाहणारा असा मी एकटाच होतो. बायका एकमेकींना खेटून अर्धगोल धरून उभ्या, अंगावर लुगडी, हातात करतालासारखा वाजणारा चिटकोरा. पुढे धोतर-फेट्यातले पुरुष, कुणाच्या गळ्यात ढोल, कुणाच्या ओठाला बासरी. बायकांची ती गादली, पुरुषांचं ते सुसुन. पावलं फार मोठी नाहीत. दोन पुढे, एक मागे, किंचित वाकून पुन्हा सरळ. पण वीस-पंचवीस बायांची कंबर एकाच वेळी वाकते तेव्हा शेतातली ज्वारी वाऱ्यानं लवावी तसं दिसतं. रोजगारासाठी शहरात गेलेली पोरं होळीला हमखास गावी परततात, ती आल्या आल्या गोलात शिरत होती. कुणी दमलं की बाहेर पडे, मागचा त्याची जागा घेई. एका आजीनं माझं मनगट धरलं आणि मलाही आत ओढलं. माझं पाऊल चुकलं की ती कोपरानं ढोसायची. इतकी वर्षं उलटली, तरी ते ढोसणं आठवतं.

'सुसुन' हा शब्द मात्र डोक्यात राहिला. कोरकूंची भाषा ना मराठीच्या कुळातली, ना शेजारच्या गोंडीच्या. ती मुंडा कुळातली, आणि तिच्या बहिणी मुंडारी, संथाळी आहेत दूर झारखंडात. तिकडे मुंडारीतही नाचाला सुसुनच म्हणतात! मधे शेकडो मैलांचं अंतर, किती पिढ्या मागे पडल्या कुणास ठाऊक, पण शब्द तोच. 'कोर' म्हणजे माणूस आणि 'कू' हा अनेकवचनाचा प्रत्यय. म्हणजे कोरकू याचा अर्थ नुसता 'माणसं'. एका स्नेहसंमेलनात आपल्या शहरी मुलींना कमरेला पानं बांधून, तोंडानं चित्रविचित्र आवाज काढत 'आदिवासी नृत्य' करताना पाहिलं, तेव्हा हा अर्थ त्यांना सांगावासा वाटला होता. होळीच्या त्या रात्री मी एकाही बाईच्या अंगावर पान पाहिलं नव्हतं.

1974 मध्ये मेळघाटात व्याघ्र प्रकल्प आला. 2000 नंतरच्या काही वर्षांत कोहा, कुंड, बोरी ही गावं अमरावती जिल्ह्यातल्या डोंगरातून उठून अकोला जिल्ह्यात, आमच्या अकोट तालुक्यात उतरली. पुढे आणखी काही गावं आली. 2008 पासून दर कुटुंबाला दहा लाख रुपये, आणि अठरा वर्षांवरचा मुलगा हे वेगळं कुटुंब, असा हिशेब ठरला. जंगलात सगळं गोड होतं असं मी म्हणणार नाही. कुपोषणाच्या बातम्यांनीच मेळघाट 1993 पासून देशाला ठाऊक झाला, आणि दवाखाना-शाळा जवळ असावी असं कोरकू आईलाही वाटतंच. पण खाली येऊनही सगळ्यांचं जमलं नाही. जानेवारी 2019 मध्ये काही गावांचे लोक पुन्हा जंगलात परतले आणि चकमक झाली, ती वर्तमानपत्रांतून आपण वाचलीच आहे.

त्या हिशेबात एक गोष्ट धरलेली नव्हती. पैसे मिळतात कुटुंबाला, नाच असतो गावाचा. कुणी रोख रक्कम घेऊन एका खेड्यात घर बांधलं, कुणी दुसऱ्या, कुणी तिसऱ्या. काटकुंभ-जारिद्याकडे होळीला मेघनाथाचा उंच खांब उभा राहतो आणि पंचक्रोशी त्याच्याभोवती जमते. सपाटीवर तो कुठे रोवायचा?

अकोटजवळच्या अशाच एका वस्तीत मी मागच्या हिवाळ्यात गेलो होतो. ओळखीच्या म्हाताऱ्या बाबांच्या घरात ढोल खुंटीला टांगलेला. विचारलं, वाजवत नाही का? ते म्हणाले, "ढोल तं हाय भाऊ. पन गोल कराले मानसं पायजेत ना."

वस्तीतल्या पोरांनी मात्र एक पथक केलंय. गणवेशासारखे एका रंगाचे फेटे शिवलेत, मोबाइलवर मेळघाटातल्या नाचाची चित्रफीत पाहून पावलं घटवतात. मला आधी ते नकली वाटलं. मग पोर्तुगालबद्दल वाचलेलं आठवलं. तिथे गावोगाव 'रांशू' नावाची लोकनृत्य मंडळं आहेत, आजीच्या पेटीतले कपडे काढून ती जुने नाच बसवतात. गंमत म्हणजे गाव सोडून फ्रान्समध्ये मजुरीला गेलेल्या पोर्तुगीजांनीही तिकडे अशी मंडळं काढली. गावात असताना पथकाची गरज पडत नाही, हे खरं. पण गाव सुटल्यावर दुसरं करणार तरी काय?

पथकाला सव्वीस जानेवारीच्या कार्यक्रमाचं बोलावणं आलं होतं. दहा नाचणारे, दहा मिनिटं. पोरं खुशीत होती. बाबा अंगणात बसून त्यांची पावलं तपासत होते आणि चुकलं की काठीनं घोट्याला हलकेच टोचत होते.

"दहा मिनिटांत काय होते?" ते मला म्हणाले, "आमचं तं आंग गरम व्हाले घंटा लागे."

निघताना ते फाटकापर्यंत आले.

"होळीले येजा. तुमची गाडी आनजा, वर जाऊ. माह्या बहिनीचं गाव हाय अजून तठी. तठी गोल मोठा असते."