मेंढ्यांचे जंत आणि आहार : खानदेशातील कळपांच्या संदर्भात

धुळे जिल्ह्यातील, विशेषतः साक्री तालुक्यातील ठेलारी मेंढपाळ पीक निघालेल्या रानांतून कळप हिंडवितात. शेतकरी हे कळप खतासाठी शेतात बसवून घेतात. ज्या लेंडीमुळे जमीन सकस होते तिच्यातूनच जंतांची अंडीही पडतात. कोरड्या उन्हात ती बहुतांशी मरतात. परंतु पावसाळ्यातील ओल्या, उबदार कुरणात आठवड्याभरात त्यांतून रोगकारक अळ्या तयार होऊन गवतावर चढतात.

या जंतांपैकी सर्वांत घातक हीमॉन्कस कंटॉर्टस हा होय. वस्तुतः त्याचे वास्तव्य आतड्यात नसून त्यालगतच्या चौथ्या पोटात असते. एक जंत दिवसाकाठी सुमारे ०.०५ मिलिलिटर रक्ताचा नाश करतो; हजार जंत असल्यास रोज ५० मिलिलिटर. ३० किलो वजनाच्या मेंढीच्या अंगात एकंदर रक्त दोन लिटरच्या आसपास असते, हे ध्यानात घेतले म्हणजे पापण्या फिकट का पडतात आणि जबड्याखाली पाणी का साचते, याचा उलगडा होतो.

गेलेले रक्त भरून काढण्यास प्रथिने लागतात, आणि जंतांना हुसकून लावणारी प्रतिकारशक्तीही प्रथिनांवरच पोसली जाते. तथापि अन्न अपुरे असले की मेंढीचे शरीर प्रथम गर्भाची व दुधाची गरज भागविते. प्रतिकारशक्तीच्या वाट्याला उरलेसुरले येते. म्हणून विण्याच्या सुमारास मेंढीच्या पोटातील जंत एकाएकी अधिक अंडी घालू लागतात, आणि ती अंडी नेमकी कोवळ्या कोकरांच्या चराईवर पडतात. गाभणपणाचे अखेरचे सहा आठवडे व विल्यानंतरचे सहा आठवडे प्रथिने वाढवून दिल्यास अंड्यांचे प्रमाण घटते, असे परदेशांतील प्रयोगांत वारंवार आढळून आले आहे.

आपल्याकडे याची सोय परकी नाही. जळगाव–धुळे हा कापसाचा प्रदेश. सरकीची व भुईमुगाची पेंड येथे मिळते. दररोज दीडशे ते दोनशे ग्रॅम पेंड पुरेशी समजावी. कोकरांना मात्र सरकीची पेंड देऊ नये, कारण तिच्यातील गॉसिपॉल त्यांना बाधते; बुरशी धरलेली भुईमुगाची पेंड तर कोणासही नको.

बाभळीच्या शेंगा व बोरीचा पाला मेंढपाळ पूर्वीपासून चारतातच. त्यांतील टॅनिन पहिल्या पोटात प्रथिनांना चिकटून त्यांची नासाडी टाळते, आणि चौथ्या पोटातील आम्लात ती मोकळी होतात. काही टॅनिनांचा जंतांवर प्रत्यक्ष परिणामही होतो. परंतु अतिरेक झाल्यास भूक मंदावते व पचन बिघडते. म्हणून या शेंगा पोटभर चारण्याची वस्तू नव्हे.

औषधास आहार हा पर्याय आहे, असे मानणे मात्र धोक्याचे. पापणी पांढरी पडलेल्या मेंढीस औषध दिलेच पाहिजे. सरसकट डोस पाजण्याचे फळही दिसून आले आहे : थायाबेंडॅझोल १९६१ साली प्रचारात आले, आणि १९६४ सालीच त्यास न जुमानणाऱ्या जंतांची नोंद झाली.

पेंड मोजकीच असेल तर ती सगळ्या कळपात वाटून टाकू नये. प्रथम गाभण व दुधावरील मेंढ्या, त्यांतही पहिलटकरणी. भाकड मेंढ्या व मोठे नर चराईवर निभावून जातात.