मुलांची सायकल आणि घरातील वडीलधारी माणसे

पुण्यात गंगाधाम चौकाच्या वरच्या अंगाला आमची सोसायटी आहे. आई माता मंदिराकडून चौकाकडे येणारा उतार पुणेकर वाचकांना परिचित आहे. आमच्या आवारातील रस्ताही त्याच जातीचा. गेल्या वर्षी आषाढातील एका सायंकाळी, पावसाची सर नुकतीच येऊन गेली असता, माझी अकरा वर्षांची नात त्या रस्त्याने सायकलवरून खाली आली आणि फाटकाच्या खांबावर आदळली. मनगटाचे हाड मोडले. चार आठवडे हात प्लॅस्टरमध्ये राहिला. रुग्णालयातून परतताना ती एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, "दादाजी, मी ब्रेक दाबला होता."

तिने ब्रेक खरोखरच दाबला होता. दुसऱ्या दिवशी मी ती सायकल एका वृद्ध मिस्त्रींकडे नेली. त्यांनी ती उलटी करून सीट आणि हँडलवर उभी केली, दोन्ही चाके फिरवली आणि पाच मिनिटांत निदान सांगितले. मागच्या ब्रेकची रबरे झिजून गुळगुळीत झाली होती. पुढच्या ब्रेकची वायर तर जोडलेलीच नव्हती. पंक्चर काढताना चाक उतरवण्यासाठी ती सोडवलेली होती आणि चाक बसवल्यावर पुन्हा अडकवायची राहून गेली होती. पंक्चर कधी काढले होते, असे त्यांनी विचारले. मला आठवले, दिवाळीच्या सुट्टीत. म्हणजे सात-आठ महिने माझी नात एकाच ब्रेकवर फिरत होती आणि घरातील सात माणसांपैकी कोणाच्याही ते ध्यानात आले नव्हते.

तिच्या स्वतःच्याही ध्यानात आले नाही, याचे कारण मी आहे. "पुढचा ब्रेक कधी दाबायचा नाही, उलटी पडशील," हा उपदेश माझाच. ती नऊ वर्षांची असताना, वाढत्या अंगाला चार वर्षे पुरेल अशा हिशेबाने २६ इंची चाकांची सायकल घेतली तीही मीच. व्यापाऱ्याच्या घरात अशी खरेदी शहाणपणाची समजली जाते. लहानपणी आमचे सदरेही असेच एक माप मोठे शिवले जात. परंतु सैल सदरा घालून कोणी पडत नाही.

माझ्या वडिलांच्या काळी ही बेफिकिरी चालत नसे. पुणे तेव्हा सायकलींचे शहर होते. भवानी पेठेतील आमच्या किराणा दुकानाचा निम्मा व्यवहार वडिलांच्या काळ्या, दांडीच्या ब्रेकच्या सायकलवर होई. सायकलीला नगरपालिकेचा बिल्ला लागे, रात्री दिवा नसला तर पोलीस अडवीत. रविवारी दुपारी वडील स्वतः जुने फडके आणि तेलाची बुधली घेऊन बसत. वर्षातून एकदा सायकल 'ओव्हरऑइलिंग'ला जाई. (मूळ शब्द ओव्हरहॉलिंग, हे मला महाविद्यालयात गेल्यावर कळले. तरीही आमचा शब्द मला अधिक अर्थपूर्ण वाटतो.) दुकानातील काटा आणि वजने ते ज्या नजरेने तपासत, त्याच नजरेने सायकल तपासत. पुढे घरात मोटारी आल्या, सायकल मुलांच्या खेळण्यांत जमा झाली आणि तिच्याकडे पाहण्याची ती नजर गेली. दसऱ्याला आपण तिला झेंडूची माळ घालतो, पण त्या दिवशीही तिचा ब्रेक दाबून पाहत नाही.

मिस्त्रींनी मला त्या दिवशी जे शिकवले, त्यातील पहिला भाग मापाचा. मूल सायकलीच्या आडव्या नळीवर दोन्ही बाजूंना पाय टाकून उभे राहिले असता तळवे जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत आणि नळीच्या वर एक-दोन इंच मोकळी जागा राहिली पाहिजे. एवढे झाले नाही तर ती सायकल त्या मुलाची नव्हे, दुकानदाराने कितीही आग्रह केला तरी. त्यानंतर सीट. मुलाला सीटवर बसवावे, एक पॅडल सर्वांत खाली आणावे आणि त्यावर टाच ठेवण्यास सांगावे. त्या वेळी गुडघा जवळजवळ सरळ झाला पाहिजे. मग टाचेऐवजी चवडा ठेवला की गुडघ्याला हलकासा बाक येतो. हीच योग्य उंची. नवशिक्या मुलाची सीट मात्र काही दिवस याहून खाली, पाय सहज टेकतील अशी ठेवावी. सीटच्या नळीवर एक रेघ कोरलेली असते. सीट कितीही वर घ्यावी लागली तरी ती रेघ बाहेर दिसता कामा नये; दिसली तर नळीचा पुरेसा भाग आत उरलेला नाही आणि ती वाकण्याचा किंवा निसटण्याचा धोका आहे.

मापाचा आणखी एक भाग आम्हा कोणाच्या कल्पनेतही नव्हता. नातीची बोटे ब्रेकच्या दांडीपर्यंत नीट पोहोचतच नव्हती. मोठ्यांच्या पंजासाठी बसवलेली दांडी ती केवळ बोटांच्या टोकांनी ओढत होती. बहुतेक सायकलींच्या ब्रेकच्या दांडीत, हँडलच्या बाजूला, एक बारीक स्क्रू असतो. तो आत फिरवला की दांडी हँडलच्या जवळ येते. त्यानंतर वायर पुन्हा ताणून घ्यावी लागते. दोन मिनिटांचे काम. ते दोन वर्षांपूर्वी कोणी केले असते तर!

आता ब्रेकविषयी, कारण सर्व काही तेथेच येऊन ठरते. आपल्याकडील सायकलींत बहुधा उजव्या हाताचा ब्रेक पुढच्या चाकाचा आणि डाव्या हाताचा मागच्या चाकाचा असतो. आपल्या सायकलीत कोणता कोठे आहे हे एकदा दाबून पाहावे. धावती सायकल थांबू लागली की स्वाराचे वजन पुढे सरकते. पुढचे चाक रस्त्यावर घट्ट दाबले जाते आणि मागचे हलके होते. म्हणून केवळ मागचा ब्रेक दाबला तर हलके झालेले चाक घसरते आणि सायकल लांबवर जात राहते. ओल्या रस्त्यावर तर अधिकच. खरी थांबवण्याची शक्ती पुढच्या ब्रेकमध्ये आहे. उलटे पडण्याची भीती खोटी नाही, पण ती एकदम झटका देणाऱ्यासाठी आहे. दोन्ही ब्रेक एकत्र, हळूहळू दाब वाढवत आणि शरीर मागे रेलून दाबण्याचा सराव सपाट, मोकळ्या मैदानात करवून घ्यावा. नात बरी झाल्यावर आम्ही तो आठ दिवस केला. तिसऱ्या दिवसापासून ती खडूने काढलेल्या रेघेवर नेमकी थांबू लागली.

ब्रेक तपासणे अवघड नाही. दांडी पूर्ण दाबली असता ती आणि हँडलची मूठ यांच्यामध्ये दोन बोटे मावतील एवढे अंतर उरले पाहिजे. दांडी मुठीला टेकत असेल तर वायर सैल आहे. वायर दांडीत जेथे शिरते तेथे एक फिरकी असते. ती थोडी उलगडली की लहानसहान सैलपणा निघतो. अधिक असेल तर मिस्त्रींकडून वायर ओढून घ्यावी. रबर रिमवर सपाट आणि पूर्ण टेकले पाहिजे. टायरला घासत असेल तर टायर कापते, रिमच्या खाली उतरत असेल तर एखाद्या दिवशी स्पोकमध्ये जाते. रबरावरील खाचा पुसल्या की ते बदलावे. डिस्क ब्रेकच्या चकतीला तेलाचा हात लागू देऊ नये, एवढे पथ्य पुरे.

नव्या सायकलीविषयी एक सावधगिरी. सणासुदीच्या गर्दीत घाईने जोडलेल्या सायकलीत पुढचा फोर्क उलटा बसल्याचे मिस्त्रींनी अनेकदा पाहिले आहे. फोर्कचा बाक पुढे, प्रवासाच्या दिशेने असावा. चाकांचे नट, हँडल आणि पॅडल हे सर्व घरी आणल्यावर स्वतः ओढून, फिरवून पाहावे. डावे पॅडल घड्याळाच्या उलट दिशेने घट्ट होते. माझ्या मुलाने ते नेहमीच्या दिशेने जोर लावून आवळले आणि आटे खराब केले.

हवेबद्दल थोडेच सांगतो. टायरच्या कडेवर दाबाचा आकडा छापलेला असतो, त्यानुसार भरावी. अंगठ्याने दाबून घेतलेला अंदाज फसवा असतो. चाक हवेत फिरवून पाहिले असता रिम डावीकडे-उजवीकडे लहरत असेल तर त्याचा 'आउट' काढून घ्यावा, अन्यथा ब्रेक एका जागी पकडतो आणि दुसऱ्या जागी सुटतो.

चेनला आमच्या घरी खोबरेल तेल घालत. पुण्याच्या थंडीत ते गोठते आणि धूळ धरून ठेवते. सायकलीचे किंवा शिलाई मशीनचे तेल प्रत्येक कडीवर एक थेंब घालावे, पॅडल उलटे फिरवावे आणि वरचे तेल फडक्याने पुसून काढावे. चेनची झीज फूटपट्टीने कळते. लागोपाठच्या दोन पिनांमध्ये अर्धा इंच अंतर असते, म्हणजे २४ कड्या बरोबर १२ इंच भरल्या पाहिजेत. त्या एक सोळांश इंचाने वाढल्या की चेन बदलावी. एक अष्टमांश होईपर्यंत थांबल्यास सोबत दातेरी चक्रेही बदलावी लागतात. पंधरा रुपयांच्या मालात वजनाची कसर धरणाऱ्या आपल्या लोकांना हे गणित समजावण्याची गरज नाही.

आता आमच्याकडे रविवारी सकाळी दहा मिनिटे सायकलीसाठी असतात. हवा, दोन्ही ब्रेक, चेन, चाकांचे नट, मागचा लाल दिवा आणि घंटी. तपासणी नात करते, मी फडके धरून बसतो. २६ इंची सायकल आम्ही तिच्या मोठ्या चुलतभावाला दिली आणि तिच्यासाठी २४ इंची आणली.

मागच्या महिन्यात ती दुकानात आली होती. माल पोहोचवणाऱ्या आमच्या माणसाची जुनी, दांडीच्या ब्रेकची सायकल बाहेर उभी होती आणि कॅरिअरवर साखरेचे पोते बांधलेले होते. तिने सवयीने पुढची दांडी दाबली, मग मागची, आणि वाकून रिमच्या आत पाहिले. मागच्या बाजूला एक रबर नव्हतेच, नुसते लोखंड रिमवर घासत होते. "दादाजी, हे काका रोज यावरून जातात?" तिने विचारले. मी त्या माणसाकडे पाहिले. तो म्हणाला, "शेठजी, महिना झाला. सांगणार होतो." एवढे दिवस ती सायकल माझ्या गादीपासून दहा पावलांवर उभी राहत होती. पोते उतरवून ठेवले, सायकल मिस्त्रींकडे पाठवली आणि चारही रबरे, कॉटर पिना व नवी घंटी यांचे पैसे दुकानाच्या खात्यात खर्ची टाकले.