गुळवेल आणि तिचीं पूर्वेकडील भावंडें

शहापूर-मुरबाडकडील रानांत हिंडतांना आंब्यावर किंवा निंबावर चढलेली, हृदयाकार पानांची आणि कागदासारखी पातळ साल सुटणारी एक वेल दिसते. तीच गुळवेल. शहापूरच्या कातकरी तरुणांनीं तिचा व्यापार स्वतःच्या हातीं घेतला आणि २०२१ सालीं नामांकित औषधी कारखान्यांकडून १ कोटि ५७ लक्ष रुपयांच्या मागण्या मिळविल्या. या वेलीच्या अंगीं आहे तरी काय, तें आज पाहूं.

गुळवेल तोडली तरी वरचा लोंबता भाग हवेंत मुळ्या सोडून जगतो. म्हणूनच आयुर्वेदांत तिला ‘छिन्नरुहा’ आणि ‘अमृता’ अशीं नांवें मिळालीं. ज्वरांत तिचा काढा देण्याची चाल फार जुनी आहे. तिच्या खोडांत बर्बेरीन, पामेटीन, मॅग्नोफ्लोरीन इत्यादि अल्कलॉइडें सांपडतात. अल्कलॉइड म्हणजे वनस्पतींत तयार होणारें, नायट्रोजनयुक्त व बहुधा क्षारधर्मी द्रव्य. अफूंतील मॉर्फीन आणि सिंकोनाच्या सालींतील क्विनीन हीं याच वर्गांतलीं. अशीं द्रव्यें अल्प मात्रेंतहि शरीरावर जोराचा परिणाम करूं शकतात.

गुळवेलीच्या कुळांतील कांहीं वेली चीन-जपानांत औषधी म्हणून प्रसिद्ध आहेत. सिनोमेनियम या वेलींतील सिनोमेनीनची रचना मॉर्फीनशीं जुळते, पण गुण निराळा. चीनमध्यें तें सांधेदुखीवर देतात. घेणाराच्या अंगाला कधीं कधीं खाजहि सुटते. दुसरी वेल स्टेफानिया. चिनी लोक तिच्या मुळाला ‘फांग-जी’ म्हणतात.

या नांवानेंच एकदां घात केला. १९९० नंतर बेल्जममध्यें वजन उतरविण्याच्या औषधांत स्टेफानियाऐवजीं तशाच नांवाची, पण अगदीं निराळ्या कुळांतील आरिस्टोलोकिया मिसळली गेली. शंभराहून अधिक लोकांचीं मूत्रपिंडें बिघडलीं.

आपल्याकडेहि प्रश्न उभा राहिला. २०२१ सालीं मुंबईंतील डॉक्टरांनीं गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या ६ रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. ती वेल कदाचित् टिनोस्पोरा क्रिस्पा ही तिच्यासारखी दिसणारी जात असेल, अशी शंका आयुष मंत्रालयानें काढली. पुढें २०२२ सालीं देशांतील अनेक रुग्णालयांतून अशाच ४३ रुग्णांची नोंद पुढें आली. तेव्हां सगळा दोष ओळखीच्या चुकीवर टाकून मोकळें होतां येत नाहीं.

मग घरच्या माणसांनीं काय करावें? ‘झाडपाला आहे, अपाय कसला?’ ही समजूत प्रथम टाकावी. यकृताचा विकार असलेल्यांनीं, तसेंच ज्यांची रोगप्रतिकारशक्ति स्वतःच्याच शरीरावर उलटते अशांनीं, वैद्याला किंवा डॉक्टराला विचारल्याशिवाय गुळवेल घेऊं नये. महिनोन् महिने रोज काढा पिण्याची हौस तर कोणीच करूं नये. काढा चालू असतां डोळे पिवळे दिसले, तर तो तत्काळ थांबवून डॉक्टरांकडे जावें.

क्रिस्पाच्या खोडावर चामखिळीसारखे ठळक उंचवटे असतात, पण वाळलेल्या भुकटींत ही खूण कोठून दिसणार? तेथें रानांत वेल पारखून तोडणाराच्या डोळ्यावरच आपली सारी भिस्त असते. त्या पारखीचें मोल त्याच्या पदरांत पडणें, हें आपल्याहि आरोग्याच्या हिताचें आहे.