फुकट सूचनांचा भुर्दंड

लालबाग-परळच्या गिरण्यांचे भोंगे ठरल्या वेळी वाजत आणि त्यांचा अर्थ चाळीतल्या शाळकरी मुलालाही कळे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर त्यांतले अनेक कायमचे मुके झाले. आज त्याच वस्तीतील कारकुनाच्या खिशात भोंगा आहे. फरक इतकाच, की तो वाजविणारे मालक अनेक आहेत आणि वेळ कोणीच पाळीत नाही.

हे असे का व्हावे? माहितीची विपुलता म्हणजे अवधानाचे दारिद्र्य, असा विचार अर्थतज्ज्ञ हर्बर्ट सायमन यांनी १९७१ सालीच मांडला होता. जुलै २०१३ मध्ये बंद झालेल्या तारसेवेत शब्दांच्या संख्येवर आकार पडे, म्हणून पाठविणारा शब्द तोलून लिही. मोबाईलवरील सूचना गूगल किंवा ॲपल यांच्या यंत्रणेमार्फत पोहोचते आणि गूगल त्यासाठी ॲपचालकाकडून आकार घेत नाही. एक सूचना धाडली काय आणि दहा धाडल्या काय, त्याचा खर्च जवळजवळ सारखाच. भुर्दंड पडतो तो तपासणीचे पेपर पुढ्यात घेऊन बसलेल्या शिक्षकाला.

सूचना बंद करण्याची सोय आहे, हे उत्तर अपुरे आहे. अँड्रॉइडमध्ये २०१७ पासून सूचनांचे प्रकार पाडता येतात. २०२२ च्या आवृत्तीपासून नव्या ॲपला आधी परवानगीही मागावी लागते. परंतु प्रकार पाडणार ॲपचालक! खात्यातून रक्कम गेल्याची वर्दी आणि कर्जाची जाहिरात त्याने एकाच कप्प्यात घातली, तर ग्राहकाने काय करावे? त्रासून सारेच बंद करणारा माणूस हिंदमाताला पाणी तुंबल्याच्या किंवा लोकल खोळंबल्याच्या सूचनेलाही मुकतो. परवानगी दिली खरी, पण ती कशासाठी दिली हे ठरविण्याचा हक्क त्याच्याकडे राहिलाच नाही. (याला ग्राहकाचे स्वातंत्र्य म्हणणाऱ्यांचे मला कौतुक वाटते.)

दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांनी दूरध्वनी आणि एसएमएस यांच्या बाबतीत व्यवहाराचा निरोप व जाहिरात असा भेद केला आहे. ॲपची सूचना इंटरनेटवरून येते, त्यामुळे ती या नियमांच्या कक्षेबाहेर राहते. तोच भेद तिलाही लागू करावा आणि जाहिरातीचा कप्पा ग्राहकाने स्वतः उघडेपर्यंत बंदच असावा. आरंभ बँकांपासून करण्यास हरकत नसावी. त्यांच्यावर रिझर्व्ह बँकेचा अधिकार आजही चालतो.