व्हीयू३ आणि पुढची तीन अक्षरं

हिंगोलीच्या बसस्थानकाबाहेर जरा वेळ उभं राहिलं की गाड्यांच्या पाट्या वाचायचा खेळ आपोआप सुरू होतो. एमएच ३८, म्हणजे आपल्या हिंगोलीची. एमएच २२, परभणीहून आलेली. एमएच २६, नांदेडची. पाटी वाचून गाडी कुठली ते आपल्याला कळतं आणि पुढच्या अक्षर-आकड्यांवरून ती कोणाच्या नावावर आहे हे आरटीओला कळतं. दोन गाड्यांना एकच पाटी कधीच नसते.

आता अशीच पाटी आवाजाला लावायची असेल तर?

जगभरात लाखो माणसं घरच्या घरी छोटं रेडिओ केंद्र उभारून एकमेकांशी बोलतात. इंटरनेट नाही, मधे मोबाइलचा टॉवर नाही. गच्चीवर ताणलेली एक तार, टेबलावर एक यंत्र आणि कानाला हेडफोन. यांना म्हणतात हॅम. हा त्यांचा धंदा नव्हे, छंद आहे. पण आकाशात सोडलेल्या आवाजाचा चेहरा दिसत नाही. कोण बोलतंय, कुठल्या देशातून बोलतंय, हे ऐकणाऱ्याला कळायला हवं. म्हणून प्रत्येक हॅमला त्याचं सरकार एक नाव देतं. त्याला कॉल साइन म्हणतात. अख्ख्या जगात एका वेळी एक कॉल साइन एकाचीच.

हिंगोलीतल्या एखाद्या मुलीने उद्या परवाना मिळवला, तर तिच्या कॉल साइनची सुरुवात बहुधा व्हीयू३ अशी होईल. पुढे तीन अक्षरं. एवढ्याशा नावात काय काय दडलंय, ते एकेक करून उलगडू या.

आधी ‘व्हीयू’. ही दोन अक्षरं भारताची. कुठल्या देशाने कुठली अक्षरं वापरायची हे देश आपापल्या मनाने ठरवत नाहीत. जिनिव्हाला आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ आहे, तिथे ही वाटणी ठरते. व्हीटीए पासून व्हीडब्ल्यूझेड पर्यंतची सगळी मालिका भारताच्या वाट्याला आली आहे. शिवाय एटी ते एडब्ल्यू आणि ८टी ते ८वाय या मालिकाही आपल्याच. पुढच्या वेळी नांदेडच्या किंवा संभाजीनगरच्या विमानतळावर जाल तेव्हा विमानाच्या अंगावरची अक्षरं वाचा. भारतात नोंदलेल्या विमानावर सुरुवातीला ‘व्हीटी’ लिहिलेलं दिसेल. ती अक्षरंही याच वाटणीतून आलेली. नेपाळचा हॅम ९एन ने सुरू होतो, श्रीलंकेचा ४एस ने, भूतानचा ए५ ने, जपानचे बरेचसे जेए ने.

ही अक्षरं लागली कशाला, याची गोष्ट मला फार आवडते. भारतात पहिला हौशी रेडिओ परवाना १९२१ साली अमरेंद्रचंद्र गुप्तू यांना मिळाला. त्यांची कॉल साइन होती नुसती २जेके. देशाची अक्षरंच नाहीत! त्या काळी आवाज फार लांब जायचाच नाही, मग देश सांगायची गरज कोणाला? पण २८ नोव्हेंबर १९२३ च्या आसपास फ्रान्समधल्या लिऑन देलॉय यांनी अमेरिकेतल्या दोन हौशी मंडळींशी थेट अटलांटिक महासागराच्या पलीकडे संवाद साधला. देलॉय यांची कॉल साइन होती ८एबी. अमेरिकन मंडळींच्या कॉल साइनही अशाच, आधी आकडा आणि मग अक्षरं. बघा घोटाळा! समुद्र ओलांडून आलेला ८एबी फ्रान्सचा की अमेरिकेचा, हे ऐकणाऱ्याने कसं ओळखायचं? आवाज जसजसा लांब जाऊ लागला तसतशी देशाच्या खुणेची गरज पडली. १९२७ साली वॉशिंग्टनला मोठी परिषद भरली आणि तिथे जगाने आपापसात अक्षरं वाटून घेतली.

आता मधला आकडा. भारतात परवान्याच्या दोन श्रेणी आहेत, प्रतिबंधित आणि सर्वसाधारण. प्रतिबंधित श्रेणीला व्हीयू३ आणि सर्वसाधारण श्रेणीला व्हीयू२. म्हणजे नुसता आकडा ऐकून समोरच्याने कुठली परीक्षा दिली आहे याचा अंदाज येतो. पण व्हीयू४ ऐकू आलं तर हातातलं काम सोडून कान टवकारायचे, कारण तो आवाज अंदमान-निकोबारचा. आणि व्हीयू७ म्हणजे लक्षद्वीप.

या व्हीयू४ ची एक खरी हकिगत आहे. अंदमानात १९८७ नंतर हॅम रेडिओ जवळजवळ मुका होता. तिथे केंद्र लावायची परवानगीच मिळत नव्हती. जगभरचे हॅम अंदमानशी एकदा तरी बोलायला मिळावं म्हणून वाट पाहत होते. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद यांच्या पुढाकाराने एक पथक पोर्ट ब्लेअरला पोहोचलं. भारती प्रसाद यांची मूळची कॉल साइन व्हीयू२आरबीआय. अंदमानात पाय ठेवला आणि ती झाली व्हीयू४आरबीआय. एक आकडा बदलला आणि देशोदेशीचे हॅम त्यांना गाठायला रांगेत उभे राहिले. हजारो संपर्क झाले.

आणि मग आली २६ डिसेंबरची सकाळ. जमीन हादरली, पाठोपाठ त्सुनामीच्या लाटा आल्या. दूरध्वनी बंद पडले. पण हॅमचं यंत्र बॅटरीवर चालतं, तार दोन खांबांमधे पुन्हा ताणता येते. गंमत म्हणून गेलेलं ते पथक त्या क्षणापासून कामाला लागलं. अमुक माणूस सुखरूप आहे, तमुक बेटावर औषध हवंय, असे निरोप त्यांच्या यंत्रावरून मुख्य भूमीपर्यंत पोहोचू लागले. एरवी हॅमला तिऱ्हाइताचे निरोप पोहोचवायची मुभा नसते. संकटात मात्र ती मिळते. त्या दिवसांत घरच्यांची काळजी करत बसलेल्या कितीतरी लोकांना व्हीयू४आरबीआय या नावाचा केवढा आधार वाटला असेल!

हे अंदमानचं झालं. पण जमीन हादरणं म्हणजे काय, हे हिंगोलीच्या मुलांना कुणी शिकवायला नको. वसमत तालुक्यातलं पांगरा शिंदे गाव जमिनीतून येणाऱ्या आवाजांसाठी ओळखलं जातं. २१ मार्च २०२४ च्या सकाळी सहा वाजून गेल्यावर जिल्ह्यात एकापाठोपाठ दोन धक्के बसले, मोठा ४.५ तीव्रतेचा. त्याच वर्षी १० जुलैला सकाळी पुन्हा ४.५ चा. तुमच्यापैकी कितीतरी जण तेव्हा घराबाहेर धावले असतील. अशा वेळी प्रत्येक जण खिशातून फोन काढतो आणि एकदमच नंबर लावतो. टॉवर एका वेळी ठरावीकच फोन जोडू शकतो, म्हणून लागणारा फोनही लागेनासा होतो. वीज गेली आणि टॉवरच्या बॅटऱ्या संपल्या, तर तेवढंही नाही. हॅमच्या दोन यंत्रांमधे मात्र तिसरं कोणी लागतच नाही. म्हणून मला मनापासून वाटतं, की हिंगोली, कळमनुरी, वसमत, औंढा, सेनगाव या पाचही तालुक्यांत थोडे तरी हॅम असावेत, आणि त्यांतले काही शाळेत जाणारे असावेत.

शाळेत जाणारे? हो! भारतात या परीक्षेसाठी वय हवं फक्त बारा वर्षं पूर्ण. गाडी चालवायच्या परवान्याच्या किती आधी! परवाना देतं केंद्र सरकारचं दूरसंचार खातं, त्यातली बिनतारी नियोजन आणि समन्वय शाखा. या छंदाचे नियम १९७८ सालचे आहेत, मधे मधे त्यांत सुधारणा झाल्या. परीक्षेत दोन गोष्टी विचारतात. एक, रेडिओचं शास्त्र: विद्युतप्रवाह, रोध, ओहमचा नियम, लहरींची लांबी, अँटेना. दुसरी, नियम: कुठल्या लहरींवर बोलायचं, काय बोलायचं, काय मुळीच नाही. सर्वसाधारण श्रेणी हवी असेल तर मोर्स, म्हणजे टिंब आणि रेघांची लिपीही यावी लागते, मिनिटाला आठ शब्दांच्या वेगाने. उत्तीर्ण झालं, सरकारी पडताळणी झाली, की परवाना आणि कॉल साइन हातात. परवाना वीस वर्षांचा किंवा आयुष्यभराचा घेता येतो.

मोर्सचं नाव ऐकून घाबरू नका. व्हीयू३ कसं वाजतं ते आत्ताच बाकावर वाजवून पाहा: डि-डि-डि-डा, डि-डि-डा, डि-डि-डि-डा-डा. तीनदा वाजवलं की बोटांत बसतं.

शेवटची अक्षरं ही तुमची स्वतःची खूण. हिशेब करून पाहा. तीन जागा, प्रत्येक जागी सव्वीस अक्षरं, म्हणजे २६ × २६ × २६. उत्तर येतं १७,५७६. त्यांतून एसओएस यासारखी, संकटाच्या हाकेशी घोटाळा होईल अशी अक्षरं वगळायची. कधी कधी अक्षरांत माणसाचं नावही डोकावतं. माजी पंतप्रधान राजीव गांधी हॅम होते, त्यांची कॉल साइन व्हीयू२आरजी.

बोलायला सुरुवात करताना कॉल साइन सांगायची, संपवतानाही सांगायची. गाणी लावायची नाहीत. काही विकायचं नाही. गुप्त भाषेत बोलायचं नाही. कोणाशी, कधी, कुठल्या लहरीवर बोललो याची वही ठेवायची. नियम कडक वाटतात ना? पण विचार करा, तुमचा आवाज सीमा ओलांडून जाणार आहे, आणि तो ऐकू येतो त्या प्रत्येकाला हक्क आहे तुमचं नाव कळायचा.

नाव लपवून बोलावं लागलं, असा काळही आपल्या महाराष्ट्रात येऊन गेला. दुसरं महायुद्ध सुरू झाल्यावर इंग्रज सरकारने हौशी मंडळींना यंत्रं जमा करायला लावली. तरीही ‘छोडो भारत’ आंदोलनात, २७ ऑगस्ट १९४२ ला मुंबईत काँग्रेस रेडिओ सुरू झाला. चालवणाऱ्यांत बावीस वर्षांची विद्यार्थिनी उषा मेहता होती. हे केंद्र स्वतःची लहर सांगायचं, ४२.३४ मीटर. पत्ता मात्र एवढाच, की भारतातून कुठून तरी बोलतोय. पोलीस माग काढत, म्हणून जागा सारखी बदलावी लागे. १२ नोव्हेंबरला पोलिसांनी छापा घातला आणि उषाताईंना पुढे तुरुंगवास झाला. स्वतंत्र देशाचं नाव घेऊन उघडपणे बोलता येणं केवढी मोठी गोष्ट आहे, हे व्हीयू ही अक्षरं उच्चारताना मला नेहमी जाणवतं.

आता तुम्ही विचाराल, टेबलावरच्या एवढ्याशा यंत्राचा आवाज जपानपर्यंत जातो कसा? पृथ्वी गोल आहे आणि रेडिओ लहरी सरळ जातात. मग त्या अवकाशात निघून जायला नकोत का? काही जातातही. पण आपल्या डोक्यावर, साठ-सत्तर किलोमीटरपासून कित्येकशे किलोमीटर उंचीपर्यंत, उन्हाने विद्युतभारित झालेल्या हवेचे थर आहेत. यांना आयनांबर म्हणतात. ठरावीक लांबीच्या लहरी या थरांमधून वळून पुन्हा जमिनीकडे येतात, जमिनीवरून उसळून परत वर जातात. अशा दोन-चार उड्यांत समुद्र पार! दिवसा सर्वांत खालचा थर काही लहरी गिळून टाकतो. सूर्य मावळला की तो विरतो, आणि मग लांबचे आवाज येऊ लागतात. आजोबांचा जुना ट्रान्झिस्टर घरी असेल तर आज रात्री मध्यम लहरींवर सुई हळूहळू फिरवा. दुपारी नुसती खरखर होती तिथे कुठल्या तरी परक्या भाषेतलं बोलणं सापडेल.

त्याहून लहान लांबीच्या, म्हणजे दोन मीटरच्या लहरी मात्र हे थर भेदून सरळ वर जातात. अवकाशात बोलायला त्याच लागतात. जुलै २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरून अंतराळवीर शुभांशु शुक्ला भारतातल्या विद्यार्थ्यांशी बोलले ते हॅम रेडिओवरूनच. स्थानक चारशे किलोमीटर उंचीवरून झपाट्याने जात असतं, त्यामुळे एका जागेवरून ते जेमतेम दहा मिनिटं गाठता येतं. त्या स्थानकालाही कॉल साइन आहे, एनए१एसएस. नियम तिथेही सुटत नाही!

   

एक गोष्ट मात्र कॉल साइन सांगत नाही. एमएच ३८ वरून जिल्हा कळतो, व्हीयू३ वरून कळत नाही. हिंगोलीची मुलगी आणि कोचीचा मुलगा, दोघंही व्हीयू३. मग हॅम लोकांनी त्यावर स्वतःच एक तोड काढली. १९८० साली इंग्लंडमधल्या मेडनहेड गावी जमून त्यांनी सगळ्या पृथ्वीचे ३२,४०० चौकोन पाडले आणि प्रत्येकाला दोन अक्षरं आणि दोन आकडे दिले. हिंगोली शहर येतं एमके८९ मध्ये. परभणी आणि नांदेडही त्याच चौकोनात. पण वाशीमला जायला निघालात तर वाटेत विसावा अक्षांश ओलांडताच चौकोन बदलतो, वाशीम एमएल८० मध्ये. लातूर एमके८८ मध्ये.

जगात असे छंदी आहेत जे वेगवेगळे चौकोन गोळा करतात. संपर्क झाला की दोघं एकमेकांना पोस्टकार्ड पाठवतात, त्यावर कॉल साइन, तारीख, वेळ, लहर आणि चौकोन छापलेला. एखाद्या ब्राझीलच्या आजोबांच्या भिंतीवर अशी शेकडो कार्डं लावलेली असतात. एमके८९ ची जागा त्यांच्याकडे रिकामी असली, तर हिंगोलीहून कोणी हाक मारायची ते वाटच पाहत असतील.