टॅबवर गाडीचे निदान : ॲप जोडले जात नाही तेव्हा

गेल्या दोन-तीन कार्यक्रमांनंतर पार्किंगमध्ये मला एकच प्रश्न वेगवेगळ्या सभासदांनी विचारला. गाडीचे दोष वाचणारे छोटे डोंगल ऑनलाइन मागवले, टॅबवर ॲपही घेतले, पण ते नुसतेच 'कनेक्टिंग' दाखवत बसते. आता डोंगल परत करावे की गाडी शोरूमला न्यावी? बहुतेक वेळा दोन्हींची गरज पडत नाही. मी काही मेकॅनिक नाही, जन्म बँकेत गेला. पण संध्याकाळी कॅश जुळली नाही की जसे एकेक काउंटर तपासत जातो, तसेच इथेही करायचे असते. गाडी, डोंगल, टॅब, ॲप या क्रमाने जायचे. आपण नेमके उलटे करतो. आधी ॲप काढून पुन्हा टाकतो, मग दुसरे ॲप, मग तिसरे, आणि किल्ली मात्र बंदच असते.

आधी हे यंत्र काय आहे ते थोडक्यात. स्टिअरिंगच्या खाली, डॅशबोर्डच्या पोटात १६ पिनांचे एक सॉकेट असते. त्याला ओबीडी-२ म्हणतात. अमेरिकेत १९९६ पासून ते सक्तीचे झाले. आपल्याकडे बीएस-४ गाड्यांच्या नियमात ते २०१३ पासून आले आणि १ एप्रिल २०१७ पासून बीएस-४ देशभर लागू झाले. इंजिनाचा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीयू, त्याला दिसलेला दोष एका कोडच्या रूपात नोंदवून ठेवतो. ती नोंद डोंगल वाचते आणि ब्लूटूथ किंवा वाय-फायने टॅबला कळवते. बाजारातली बहुतेक डोंगले 'ईएलएम ३२७' नावाच्या चिपवर किंवा तिच्या नकलेवर चालतात. स्वस्तातली जवळजवळ सगळी नक्कलच असतात. काही बरी चालतात, काही नाही.

आता पहिला काउंटर : गाडी. डोंगल लावल्यावर त्याचा दिवा लागला पाहिजे. सॉकेटच्या १६व्या पिनला बॅटरीचा थेट पुरवठा असतो, त्यामुळे हा दिवा किल्ली बंद असतानाही लागतो. लागलाच नाही तर डोंगल नीट आतपर्यंत बसले आहे का ते पाहा, नंतर फ्यूज. काही गाड्यांत सिगारेट लायटरचा आणि या सॉकेटचा फ्यूज एकच असतो. मोबाइल चार्जरने तो उडवलेला असला तर डोंगल बिचारे काय करणार? दिवा लागला म्हणजे गाडी बोलेलच असे मात्र नाही. ईसीयू जागा व्हायला किल्ली 'ऑन'वर हवी. बटणाच्या गाडीत ब्रेक न दाबता बटण बहुधा दोनदा दाबावे लागते. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

दुसरा आणि तिसरा काउंटर एकत्रच घेतो, कारण गोंधळ या दोघांच्या मधेच होतो. ब्लूटूथच्या डोंगलला टॅबच्या सेटिंग्जमध्ये जाऊन 'पेअर' करायचे; पिन बहुधा १२३४ किंवा ०००० असतो. पेअर झाल्यावर टॅब 'कनेक्टेड' म्हणत नाही, नुसते 'पेअर्ड' किंवा 'सेव्ह्ड' म्हणतो. हे बघून आमच्या एका मित्रांनी डोंगल चार वेळा काढून जोडले. काही बिघडलेले नसते. खरी जोडणी ॲप करते, आणि त्यासाठी ॲपच्या सेटिंगमध्ये जाऊन यादीतून ते डोंगल निवडावे लागते. ही निवड राहून गेली तर ॲप जन्मभर 'कनेक्टिंग' म्हणत राहील. नव्या प्रकारच्या, ब्लूटूथ एलई असलेल्या डोंगलांचे उलट असते. ती बहुधा टॅबच्या सेटिंग्जमधून पेअर करायचीच नसतात, थेट ॲपमधूनच शोधायची असतात.

मग येतात परवानग्या. अँड्रॉइड ६ ते ११ मध्ये ब्लूटूथची उपकरणे शोधायला ॲपला लोकेशनची परवानगी लागते, आणि लोकेशन चालूही असावे लागते. अँड्रॉइड १२ पासून त्यासाठी 'नियरबाय डिव्हायसेस' ही वेगळी परवानगी आली. पहिल्यांदा ॲप उघडताना आपण घाईत 'नाही' दाबलेले असते, आणि टॅब ते विसरत नाही. सेटिंग्ज, ॲप्स, ते ॲप, परमिशन्स या वाटेने जाऊन ती द्यावी.

वाय-फायचे डोंगल असेल तर ते स्वतःचे एक नेटवर्क तयार करते. टॅब त्याला जोडला की 'या नेटवर्कवर इंटरनेट नाही, तरी जोडलेले राहायचे का?' असे विचारतो. तिथे 'हो' म्हणायचे. नाही म्हटले तर टॅब गुपचूप घरच्या वाय-फायवर किंवा सिमच्या डेटावर परततो. पत्ता बहुधा १९२.१६८.०.१० आणि पोर्ट ३५००० असतो, ॲपमध्ये तो आधीच भरलेला आढळतो.

आणखी एक. डोंगल एका वेळी एकालाच उत्तर देते. आमच्याकडे एकदा अर्धा तास खटपट झाली आणि नंतर कळले की मागच्या सीटवर बसलेल्या जावईबापूंच्या फोनमध्ये तेच ॲप उघडे होते.

हे सगळे ठीक असून ॲप म्हणते 'डोंगल जोडले, ईसीयू नाही', तेव्हा जरा थांबा. पहिल्या वेळी डोंगल गाडीची भाषा शोधत असते आणि त्यात बराच वेळ जाऊ शकतो. तरीही नाहीच जमले तर तेच डोंगल ओळखीच्या दुसऱ्या गाडीत लावून बघावे. तिथे चालले तर आपली गाडी जुनी असेल किंवा नकली डोंगलला तिची भाषा येत नसेल. तिथेही नाही चालले तर डोंगल परत करा. ही परीक्षा फुकट आहे आणि वाद मिटवते.

एक गोष्ट मात्र बँकवाला म्हणून सांगतो. डोंगलच्या खोक्यात एक छोटी सीडी किंवा क्यूआर कोड येतो, 'ॲप इथून घ्या' म्हणून. घेऊ नका. ज्या टॅबवर आपण पेन्शन खाते बघता, यूपीआय करता, त्यावर प्ले स्टोअरच्या बाहेरचे काहीही चढवायचे नाही. टॉर्क, कार स्कॅनर ही ॲप्स प्ले स्टोअरवर मिळतात आणि आपले काम भागते. गाडीचे दोष वाचणाऱ्या ॲपने एसएमएस वाचण्याची परवानगी मागितली तर ते ॲप त्याच क्षणी काढून टाका.

जोडणी झाली, कोड दिसला, की बोट आपोआप 'क्लिअर'कडे जाते. माझेही गेले होते. चेक इंजिनचा दिवा लागला, मी कोड पाहिला न पाहिला आणि पुसून टाकला. दिवा विझला, मी खूश. दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये नेली तर त्यांना काहीच सापडेना. सापडणार कसे? कोडबरोबर 'फ्रीझ फ्रेम'ही पुसली जाते, म्हणजे दोष आला त्या क्षणी इंजिनाचे फेरे किती, तापमान किती, वेग किती ही नोंद. मी व्हाउचरच फाडून टाकले होते. वर गॅरेजने थर्मोस्टॅट आणि सेन्सर दोन्ही बदलून टाकू म्हणून अंदाजपत्रक हातात दिले.

मी ते तसेच खिशात ठेवले. पंधरा दिवसांनी पुण्याला निघालो आणि सेंधव्याच्या पुढे, बिजासन घाटात, दिवा पुन्हा लागला. मे महिना, गाडीत नातवंडे, आणि रेडिएटरचा पंखा थांबायचे नाव घेईना. घाट उतरून ढाब्यावर गाडी लावली आणि या वेळी आधी स्क्रीनचा फोटो काढला. कोड होता पी०११८, म्हणजे कूलंटच्या तापमानाच्या सेन्सरचा व्होल्टेज वाजवीपेक्षा जास्त. खाली चालू आकडे पाहिले तर कूलंटचे तापमान उणे ४० अंश! खानदेशात, मे महिन्यात. इंजिन गोठलेले नव्हते, सेन्सरची तार तुटली होती. सर्किट उघडे पडले की हा आकडा बहुधा असाच तळाला जाऊन बसतो. ईसीयूला खरे तापमान कळेनासे झाले म्हणून त्याने सावधगिरीने पंखा चालू ठेवला होता. धुळ्याच्या मेकॅनिकला फोटो दाखवला. त्याने बॉनेट उघडून दोन मिनिटांत उंदराने कुरतडलेली तार काढली, जोडली, टेप लावली. ना थर्मोस्टॅट, ना सेन्सर. आधी गॅरेजमध्ये गेलो तेव्हा तुटक्या तारेची टोके बहुधा एकमेकांना टेकलेली असणार, म्हणून त्यांना सगळे ठीक दिसले.

कोड म्हणजे कुठला भाग बदलायचा याची चिठ्ठी नव्हे. कुठल्या सर्किटमध्ये हिशेब जुळत नाही एवढेच तो सांगतो. म्हणून आधी फोटो, मग फ्रीझ फ्रेम, मग चालू आकडे, आणि दुरुस्तीनंतरच 'क्लिअर'. पिवळा दिवा स्थिर असेल तर साधारणपणे जवळच्या गॅरेजपर्यंत सावकाश जाता येते. तो लुकलुकत असेल तर इंजिन मिसफायर करते आहे, आणि तसेच दामटल्यास कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाऊ शकतो. ऑइलचा किंवा तापमानाचा लाल दिवा लागला तर ॲप उघडत बसू नका, गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करा. चालत्या गाडीत टॅब शेजारच्याच्या हातात असावा, चालवणाऱ्याच्या नव्हे. एअरबॅग आणि एबीएसचे कोड साध्या ॲपमध्ये बहुधा दिसत नाहीत, त्यामुळे 'दोष नाही' असे आले म्हणून ते दिवे दुर्लक्षू नयेत.

काम झाले की डोंगल काढून डिकीत ठेवा. १६व्या पिनवरून ते बॅटरी पीत राहते, आणि महिनाभर मुलाकडे राहून परत आल्यावर गाडी सुरूच होत नाही.