दुपारी दोनची शाळा

आमच्या मुरबाड-शहापूर भागात शाळा सुटते ती बहुतेक वेळा कामापायी. भातलावणीला माणसे कमी पडतात, धाकटे भावंड सांभाळायला कोणी नसते, आणि पोरीचे दप्तर खुंटीला लागते. शहापूर तालुक्यातल्या भातसा-तानसाचे पाणी मुंबईला जाते. उन्हाळ्यात तिथल्याच पाड्यांवर हंडा भरण्यात अर्धा दिवस मोडतो. शिकायचे कधी?

मुरबाडमधल्या फांगणे गावाने या प्रश्नाचे उत्तर शोधले. शिवचरित्र आपल्यालाही वाचता आले असते तर, असे गावातल्या म्हाताऱ्या बायकांनी बोलून दाखवले. जिल्हा परिषदेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांनी ते मनावर घेतले आणि ८ मार्च २०१६ रोजी ‘आजीबाईंची शाळा’ सुरू झाली. मोतीराम दलाल चॅरिटेबल ट्रस्टचा हातभार लागला. साठी ते नव्वदीच्या विद्यार्थिनी, अंगात गणवेश म्हणून गुलाबी नऊवारी. त्यांचे फोटो जगभर गेले.

फोटोत न दिसणारी गोष्ट म्हणजे वेळ. वर्ग दुपारी २ ते ४. सकाळचा स्वयंपाक, शेत, गुरे आटोपलेली आणि संध्याकाळची चूल अजून पेटायची असते. शिकवायला गावातलीच सून. तिची सासूही त्याच वर्गात बसे! प्रौढ शिक्षणाच्या कितीतरी योजना आल्या नि गेल्या. पण शिकणाऱ्याचा दिवस कसा जातो, हे आधी विचारणाऱ्या थोड्याच.

या वयात डोळे अधू होतात, हात थरथरतो, कालचे अक्षर आज आठवत नाही. म्हणून धडा छोटा, उजळणी फार. आणि पहिला धडा स्वतःच्या नावाचा. मी कवितेत अक्षरे जुळवत आलो, पण बँकेत अंगठ्याऐवजी सही करणाऱ्या आजीच्या चार अक्षरांचे वजन मला कवितेत साधलेले नाही.

नोकरी-मजुरीत ज्यांची शाळा अर्धवट राहिली, त्यांचा मार्ग निराळा. राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म भरून, रोज वर्गात न बसता दहावीची परीक्षा देता येते. फॉर्म आता ऑनलाइन भरतात. नाव एका शाळेशी जोडले जाते. तोंडी, प्रात्यक्षिक वगैरे कामे तिथे करावी लागतात. पुढच्या शिक्षणासाठी नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९पासून आहेच. फॉर्मची मुदत मात्र परीक्षेच्या बरीच आधी संपते. तेव्हा जवळच्या हायस्कुलात शाळा सुरू झाल्या-झाल्या चौकशी करावी, आणि जुना शाळा सोडल्याचा दाखला आधी शोधून ठेवावा.